सुबोधला लाल गाडी हवी होती

मी एक जुनी, राखाडी रंगाची छोटी गाडी आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत, पाण्याच्या टाकीशेजारी मी उभी असते. माझ्या टपावर बदामाची पानं पडतात आणि कावळे मला आपलीच समजतात. मित्रांनो, माझ्याकडे बघायला कोणी थांबत नाही. तरी मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती माझी आहे, आणि त्याहून जास्त माझ्या मालकाची, सुबोधची आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ट्रेलरवर चढून मी मुंबईत आले. सुबोध आणि रुचिरा मला न्यायला आले, तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. रुचिराने मला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. सुबोधचे वडील गिरणी कामगार. त्या घरात आलेली पहिली गाडी मीच. त्यामुळे सुबोध मला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. विक्रोळीला कामावर जाण्याआधी तो मला रोज मऊ फडक्याने पुसायचा. कोणी दार जोरात लावलं तरी त्याचा चेहरा उतरायचा. मला तेव्हा या लाडाचा मोठा अभिमान वाटे.

रुचिराला गाडी शिकायची होती. तिची आई मालनबाई मानखुर्दला एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू झालेली. "मी शिकले की आईला दवाखान्यात नेता येईल, तुझी सुट्टी बघायला नको," असं ती सुबोधला म्हणाली. एका रविवारी तो तिला विक्रोळीच्या एका कारखान्यामागच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. तिने मला सुरू केलं, थोडं पुढे नेलं, आणि वळताना माझं नाक फुटपाथच्या दगडावर आदळलं.

सुबोध झटकन खाली उतरला. त्याने आधी माझा बंपर पाहिला. मग रुचिराकडे पाहिलं.

"डोळे आहेत की बटणं? तुझ्याच्याने नाही होणार हे. उतर."

चहाच्या टपरीवरची माणसं बघत होती. रुचिरा उतरली. तिने रिक्षा केली आणि घरी गेली. त्यानंतर ती माझ्या स्टिअरिंगवर कधी बसली नाही. माझा बंपर आठवड्याभरात नवा झाला.

मग वर्षं गेली. माझा रंग उडाला, सीटचा फोम बसला. फडकं महिन्यातून एकदा यायला लागलं, मग दिवाळीला. सुबोधचे केस पांढरे झाले. पन्नाशी जवळ आली तशी त्याच्या मनातली एक जुनी हौस डोकं वर काढू लागली. त्याला स्पोर्ट्स कार हवी होती. नवी परवडणार नव्हती, म्हणून वापरलेली. माझ्यात बसूनच तो मोबाइलवर तसल्या गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. रुचिराला मात्र त्याने काही सांगितलं नाही. रविवारी "ऑफिसचं काम आहे" म्हणायचा आणि मला घेऊन निघायचा. मित्रांनो, माझी जागा घेणारी गाडी शोधायला त्याला मीच न्यायची. वाईट वाटायचं, पण गाडीला नाही म्हणता येत नाही.

अंधेरीला एका दलालाने पिवळी गाडी दाखवली. "साहेब, एकदम झकास पीस. एका डॉक्टरची होती, रविवारीच काढायचा."

"मागे जागा नाही हिला," सुबोध म्हणाला.

"अशी गाडी मागे बसणाऱ्यांसाठी नसतेच, साहेब."

सुबोध हसला, पण लगेच त्याने रस्त्याकडे पाहिलं, जणू ओळखीचं कोणी ऐकत होतं. घाटकोपरला एक निळी होती. तिचं पोट पहिल्याच स्पीडब्रेकरला खरवडलं. परत येताना रुचिराचा फोन आला की तो गाडी बाजूला घ्यायचा आणि आवाज बदलून सांगायचा, "मीटिंग चालू आहे गं."

शेवटी बोरिवलीत त्याला मनासारखी सापडली. लाल, दोन सीटची, आरशासारखी चकचकीत. मालकीण माधुरीताई, साठीच्या. मला त्यांनी आपल्या गाडीशेजारीच लावायला सांगितलं, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं.

"कमरेमुळे विकतेय," त्या म्हणाल्या. "आत बसता येतं हो, बाहेर निघता येत नाही."

"म्हणजे तुम्ही चालवायचात?"

"मीच. यांना तर ही गाडी मिळालीच नाही कधी." त्या हसल्या. "शिकवलं मात्र त्यांनीच, आमच्या जुन्या गाडीवर. पहिल्याच दिवशी मी शेजाऱ्यांची भिंत पाडली. मला वाटलं, आता ओरडणार. तर म्हणाले, तुला लागलं नाही ना? भिंत काय, उद्या बांधू. तू गाडी मागे घे."

सुबोधच्या हातात लाल गाडीची किल्ली होती. ती त्याने परत केली.

"काय झालं? चक्कर नाही मारणार?"

"आज नको, ताई."

घरी येईपर्यंत त्याने रेडिओ लावला नाही. सोसायटीत शिरलो तर रुचिरा भाजीच्या पिशव्या घेऊन रिक्षातून उतरत होती. सुबोधने तिथेच, माझ्या दाराशी, सगळं सांगून टाकलं. रविवार, गाड्या, खोटं बोलणं, सगळं.

"घे की मग," रुचिरा म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं होतं? लपवलंस कशाला?"

"नको मला ती. तू गाडी शीक, रुचिरा. मी शिकवतो."

रुचिरा हळू आवाजात म्हणाली, "आई होती तेव्हा शिकायचं होतं रे. किती वेळा रिक्षावाले तिला चढायला वेळ लागतो म्हणून निघून गेले. मी तिला धरून रस्त्यावर उभी असायचे. आता कोणाला न्यायचं?"

सुबोधने तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. मालनबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यानंतर किती तरी दिवस घरात शांतता असावी, कारण माझ्यात बसल्यावरही दोघं कामापुरतंच बोलायची. मग एका सकाळी रुचिरा खाली आली. तिच्याबरोबर सुगंधा नावाची मुलगी होती, गाडी शिकवणारी.

"शिकते मी," ती सुबोधला म्हणाली. "पण तुझ्याकडून नाही."

तो किल्ली देऊन बाजूला झाला. रोज आम्ही निघालो की तो फाटकापर्यंत यायचा. बोलवलं नाही म्हणून पुढे यायचा नाही.

लायसन्स मिळाल्यावर रुचिरा पहिल्यांदा सुबोधला घेऊन निघाली, मानखुर्दला, आईच्या घरी आता राहायला आलेल्या तिच्या भावाकडे. पुलाच्या चढावर सिग्नल लागला. सुटल्यावर मी बंद पडले. मागून हॉर्नचा गलका उठला. मी थोडी मागे सरकले. शेजारी बसलेल्या सुबोधने तोंड उघडलं आणि मिटलं. रुचिराने हँडब्रेक ओढला, मला पुन्हा सुरू केलं, आणि आम्ही पूल चढून गेलो.

उतारावर ती म्हणाली, "बोलला नाहीस."

"नाही."

"तेव्हाही जमलं असतं तुला."

सुबोध खिडकीबाहेर बघत राहिला.

लाल गाडी दुसऱ्या कोणीतरी नेली. मी अजून टाकीशेजारीच आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना जरूर जपा, तेलपाणी करा, धूळ पुसा. पण आमच्यापायी माणसाला दुखवू नका. माझा बंपर बाजारात मिळाला होता.