आठ आचाऱ्यांचा एक ओटा

"तुमचा रिपोर्ट थांबवून बघू का, मॅडम?" अबोलीने विचारलं. तिचं बोट बटणावर टेकलेलंच होतं.

"बघ की," नंदिनी म्हणाली. "फरक काही पडायचा नाही. त्या प्रोग्रामचा कोअर वेगळा, माझा वेगळा."

अबोलीने बटण दाबलं. पाऊण तास डोंगरासारखी चढलेली पडद्यावरची लाल रेघ दोन सेकंदांत सपाट झाली.

नंदिनी खुर्चीतून अर्धवट उठली. "परत चालू कर."

रेघ उसळली. बंद केला, बसली. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच.

महापेच्या त्या कार्यालयातून रुग्णवाहिका पाठवल्या जात. फोन आला की सर्वांत जवळची गाडी शोधायचं काम एका प्रोग्रामचं. त्याला किती वेळ लागतो, ते ती रेघ सांगे. रोज अकराच्या सुमाराला तो प्रोग्राम अडखळायचा आणि रोज अकरालाच नंदिनीचा रिपोर्ट सुरू व्हायचा.

आठ कोअरचा प्रोसेसर म्हणजे एका स्वयंपाकघरातले आठ आचारी समजा. चुली आठ, पण मोठा ओटा एकच. तीच सामाईक कॅश मेमरी. ओट्यावरचं मीठ हात पुढे केला की मिळतं. ओटा भरला की जुनं सामान तळघरातल्या कोठीत जातं, मग चिमूटभर मिठासाठीही जिना उतरावा लागतो. नंदिनीचा रिपोर्ट वर्षभराच्या नोंदी वाचायचा. एकेक नोंद एकदाच बघायची आणि ओट्यावर टाकून पुढे जायचं. पोत्यावर पोती. शेजारच्याचं, म्हणजे गाड्यांच्या प्रोग्रामचं, मीठ दर वेळी कोठीत.

हे नंदिनीला ठाऊक नव्हतं थोडंच? चोवीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक नवख्याला तिनेच तर हे समजावलं होतं. स्वतःच्या प्रोग्रामबद्दल मात्र तिच्या मनात कधी आलंच नाही.

"सुगत हेच सांगत होता," ती पुटपुटली.

सहा महिन्यांपूर्वी गाड्यांचा प्रोग्राम सुगतचा होता आणि अडखळायचा. भर मीटिंगमध्ये तो म्हणाला होता, "मॅडम, एकटा चालवला की पळतो. माझ्या मशीनवर एकदम बरोबर आहे."

"मग तुझी मशीनच गाडीत घालून पाठवू पेशंटकडे!" त्याच्या शेजारी बसणाऱ्या धनेशने टोला हाणला होता आणि सगळे हसले होते. नंदिनीसुद्धा. विभागप्रमुख दिलीप सरांनी तिचं मत विचारलं. तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. कोड तिने नुसता चाळला होता, तरी म्हणाली, "ढिसाळ आहे, सर." सुगतचं कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. अबोलीने नवा प्रोग्राम लिहिला आणि तोही तसाच अडखळू लागला.

आता अबोलीने ओट्याची, म्हणजे त्या कॅशची, वाटणी केली. कप्पे बारा होते. रिपोर्टला दोन, गाड्यांना दहा. दोन्ही प्रोग्राम एकदम चालू केले. रेघ हलली नाही. सगळ्याला सात मिनिटं लागली.

नंदिनीने पाण्याची बाटली न उघडताच टेबलावर ठेवली. "सात मिनिटं गं. एका माणसाची नोकरी."

"मॅडम, नोंदीत नुसतं 'सेटिंग बदललं' लिहिते," अबोली हळूच म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"माझ्या रिपोर्टचं आणि माझं नाव लिही. आणि सुगतचा जुना प्रोग्राम असेल ना? तो चालव."

तो अबोलीच्या प्रोग्रामपेक्षा दुप्पट वेगाने चालला.

दिलीप सरांना सगळं लिहून कळवल्यावर, संध्याकाळी ती कोपरखैरण्याला गेली. सुगतने तिथे झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं.

"मॅडम? तुमी इकडे? बसा ना." त्याने स्टूल पुढे केलं.

ती बसली नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, एकदाही 'पण' न म्हणता. "चूक माझी होती, सुगत. सरांना तुझ्या नावानिशी कळवलंय. ते तुला बोलावतील की नाही, ते मात्र माझ्या हातात नाही."

सुगत फडक्याने झेरॉक्स मशीनची काच पुसू लागला.

"आईला सांगितलं होतं, माझी चूक नाय म्हणून," तो म्हणाला. "ती म्हणाली, मग बाकीचे एवढे शिकलेले सगळे कसे चुकतील? मग मलापण तसंच वाटायला लागलं."

नंदिनीने स्टूल ओढलं आणि बसली.

"रिपोर्टला किती कप्पे दिले?" त्याने एकदम विचारलं.

"दोन."

त्याने क्षणभर डोळे मिटले. बोटं टेबलावर काहीतरी मोजत होती.

"एक पुरला असता. रिपोर्टला वाचलेलं परत लागतच नाय."

"हो," नंदिनी म्हणाली. "एकच पुरला असता."

एक बाई रेशनकार्ड घेऊन आत आली. सुगतने ते दोन्ही हातांनी घेतलं, काचेवर सरळ ठेवलं आणि कडा बोटाने नीट जुळवल्या.

"सगळी पानं ना, मावशी?" त्याने विचारलं आणि झाकण खाली केलं.