टपालवालीच्या पायाचा निरोप

प्रेषक : मी.
कुणाला : मित्रांनो, तुम्हाला.
काम : माझी गोष्ट ऐकणे.
उत्तर हवे? : शेवटी सांगतो.

मी एका जुन्या संगणकातला जुना निरोप्या आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. गोष्ट मात्र सगळी पायांचीच आहे. संगणकाच्या स्मृतीत एक इवलासा खण असतो. तो खण म्हणजे मी. एका स्क्रिप्टने माझ्यात निरोप ठेवायचा, मी तो दुसरीला द्यायचा, आणि तिने दिलेले उत्तर घेऊन परत यायचे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने कामे सांगणारी यादी, एवढे समजले तरी पुरे.

मला कामाला लावले ते एका मिस्त्रींनी. ते कृत्रिम पाय करायचे. तीन खोल्यांचा कारखाना होता. पहिलीत माप घ्यायचे बाक, दुसरीत भुसा आणि सरसाचा वास, तिसरीत आमचा संगणक आणि त्याला जोडलेले लाकूड कोरणारे यंत्र. मिस्त्री शिकलेले फारसे नव्हते, पण हट्टी होते. रोज सकाळी दाढी अर्धवट सोडून ते टंकत बसायचे. दोन महिन्यांत त्यांनी दोन स्क्रिप्ट लिहिल्या. एकीचे नाव माप, दुसरीचे आकृती.

पहिला निरोप मला अजून आठवतो.

प्रेषक : माप.
कुणाला : आकृती.
काम : गुडघ्याखाली इतकी लांबी, इतका घेर. आकार सांग.
उत्तर हवे? : हो.

मी निघालो. माप जागच्या जागी थांबली. उत्तर येईपर्यंत ती हलत नाही, श्वासही घेत नाही म्हणा. तिकडे आकृतीने संगणकाच्या फिरत्या तबकडीवर साठवलेले जुने आकडे चाळले, गुणाकार केले आणि माझ्या ओंजळीत अकरा आकडे टाकले. मी परतलो, आणि माप पुन्हा जिवंत झाली. मित्रांनो, त्या दोघींनी एकमेकींना कधीच पाहिले नव्हते. आकृतीला मापाचा पत्ता नाही, मापाला आकृतीचे गणित येत नाही. तरी एकीने विचारले, दुसरीने सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या खोलीत एक माणूस दोन पायांवर उभा राहिला! मी थक्क झालो. लाखो निरोप वाहिले, तरी ते थक्क होणे काही जुने झाले नाही.

मिस्त्रींची लेक तेव्हा लहान होती. ती आकृतीला वाट्टेल ते निरोप पाठवायची. मांजर. भोपळा. मला झोप आली. मिस्त्रींनी आकृतीला शिकवून ठेवले होते, की काही कळले नाही तर उत्तर द्यायचे :

समजलं नाही, ढमे. नीट सांग.

लेक खुर्चीवरून पडेपर्यंत हसायची. “बाबा, हा मला ढमी म्हणतो!”

“मग? खोटं आहे का?” मिस्त्री म्हणायचे.

वीस वर्षे अशी गेली. आमच्या पायांवर एक माळी शिडी चढला, एक शिक्षिका तासन् तास फळ्यापुढे उभी राहिली. मग नवा संगणक आला. तो मनातल्या मनात सगळेच करी. आमच्यासारखी निरोपांची ये-जा त्याची कुणाला दिसत नसे. आमच्यावर कापड पडले. कापडावर स्क्रूंचा डबा, डब्यावर नेचाची कुंडी. पाणी घालताना चार थेंब आत यायचे. पुढे मिस्त्रीही गेले. हे मला कुणी सांगितले नाही. फक्त सकाळचे टंकणे कधी परत सुरू झाले नाही.

आणि एके दिवशी दुपारी कुंडी उचलली गेली.

खोलीत दोघी होत्या. एक मिस्त्रींची लेक, आता तीच कारखाना चालवत होती. दुसरी टपालवाली. तिचा डावा पाय मिस्त्रींनी केलेला. त्या पायाने तिने सतरा वर्षे पत्रे वाटली होती. गेल्या महिन्यात त्यावरून हातगाडीचे चाक गेले आणि त्याचे तुकडे झाले. लेकीने नव्या संगणकावर नवा पाय केला. तो टोचला. दुसरा केला, तोही टोचला. तिसरा कारखान्यात छान बसला आणि पत्रे वाटायला निघाल्यावर तासाभरात त्याने कातडी सोलली.

“सोमवारी साहेब बघणार आहेत मला चालताना,” टपालवाली म्हणाली. “जमलं नाही तर खिडकीमागे बसवतील, तिकिटं विकायला. पोरी, मला एका जागी बसवलं ना, तर मी तिकिटांसारखीच चिकटून मरेन.”

“असं बोलू नका, मावशी. बाबांनी तुमचा आकार कागदावर कधी लिहिला नाही. असलाच तर ह्याच्यात असेल.”

तिने कळ दाबली. तबकडी खोकली, कण्हली आणि फिरू लागली. मी जागा झालो. लेकीने मिस्त्रींची एक स्क्रिप्ट समोर ठेवून नवी लिहिली. तिला नीटनेटके काम आवडायचे. बाबांच्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर तीच एक ओळ असायची; निरोपात ती सर्वांत खाली यायची. तिला वाटले, ही नुसती सवय असणार, पत्राच्या वर ‘श्री’ लिहावे तशी. तिने ती गाळली.

प्रेषक : लेक.
कुणाला : आकृती.
काम : टपालवालीच्या पायाचा आकार दे.

मी धावलो. आकृतीने सारी तबकडी धुंडाळली, आकार शोधला, माझ्यापुढे धरला. आणि मला तो घेता येईना! आमचा नियम कडक आहे. ज्याने उत्तर मागितलेले नाही, त्याला मी ‘काम झाले’ एवढेच सांगू शकतो. उत्तर तिथेच राहते आणि पुसले जाते. उत्तराच्या रिकाम्या जागेवर उरते ते फक्त त्या जागेचे नाव. पडद्यावर ‘काम झाले’ आणि त्याखाली तेवढेच उमटले :

उत्तर

“उत्तर? अरे, कसलं उत्तर?” लेकीने पुन्हा विचारले. पुन्हा तेच. पाच वेळा, सहा वेळा. दर खेपेला तबकडी जास्तच खरखरत होती. आणखी किती फेऱ्या तिला झेपतील, कोण जाणे. मला ओरडावेसे वाटत होते. पण निरोप्याला स्वतःचा आवाज नसतो.

“काम झालं म्हणतो आणि देत काहीच नाही,” लेक रडकुंडीला आली.

टपालवालीने चष्मा कपाळावर ढकलला. “जबाबी कार्ड जोडलंस का?”

“काय?”

“अगं, आमच्याकडे लोक पत्र टाकतात, उत्तराचं कोरं कार्ड काही जोडत नाहीत. मग महिनाभर माझ्यावरच खेकसतात, ‘जबाब कुठाय?’ तू मागितलास का जबाब? वर कुठं लिहिलंस?”

 लेकीने मिस्त्रींची स्क्रिप्ट पुन्हा उघडली आणि माथ्यावरची ती ओळ हळूहळू, एकेक अक्षर, आपल्या स्क्रिप्टवर उतरवली.

उत्तर हवे? : हो.

मी निघालो. तबकडीने एक मोठा आचका दिला, थांबली, आणि पुन्हा फिरली. आकृतीने माझ्या ओंजळीत अकरा आकडे ठेवले. त्यांच्याखाली शब्द होते. मिस्त्रींनी सतरा वर्षांपूर्वी ठेवलेले.

बाहेरच्या अंगाला जरा कललेला ठेव. तिच्या डाव्या खांद्यावर पिशवी असते.

 लेकीने तिन्ही वेळा माप घेतले होते ते पिशवी खुंटीला टांगून.

“मावशी,” ती म्हणाली, “पिशवी घ्या खांद्याला. भरलेली. आणि उभ्या राहा.”

सोमवारी दुपारी कारखान्याच्या पायऱ्या वाजल्या. दोन्ही पावलांचा आवाज सारखा. “टपाल!” आवाज आला. “सही कर गं, ढिम्म बघत काय बसलीस? अजून तीन गल्ल्या राहिल्यात माझ्या.”

ती गेल्यावर लेक आमच्यासमोर येऊन बसली. वरची ओळ तिने आधी लिहिली. मग टंकले :

बाबा, पाय बसला.

मी हा निरोप आकृतीकडे नेला. यात लांबी नाही, घेर नाही. मी उत्तर घेऊन परत आलो.

समजलं नाही, ढमे. नीट सांग.

लेक हसली. हसता हसता तिने कळफलकावर डोके टेकले, आणि पडद्यावर अक्षरांची लांबच लांब रांग उमटत गेली.

मित्रांनो, मी किती दिवस टिकेन, ठाऊक नाही. कुंडी आता खिडकीत आहे, एवढे बरे. तुमच्याही घरात कापडाखाली कुणीतरी असेल, कोपऱ्यातल्या खुर्चीवरही कुणी असेल. त्यांच्यापाशी काय आहे, ते त्यांना आपणहून सांगता येत नाही. धूळ पुसा, जवळ बसा, आणि ‘आम्हाला उत्तर हवे आहे’ असे आधी सांगून मग विचारा.

माझा निरोप संपला. मघाशी एक ओळ अर्धी ठेवली होती, ती पुरी करतो.

उत्तर हवे? : हो.