रुसवा जावयाचा आणि सशाचा

जावयाचं रुसणं ही आपल्याकडची जुनी रीत, आणि रीत म्हटली की तिच्या पायऱ्या आल्या. आधी जावई ताटावरून उठतो. मग सासू काकुळतीला येते, मग सासरा मधे पडतो, आणि शेवटी तो मोलाचा प्रश्न येतो: सांगा जावईबापू, काय पाहिजे?

पंच्याऐंशी सालच्या अधिक महिन्यात श्रीहरी बायकोला, वच्छलाला, घेऊन पोंभुर्ण्याला सासुरवाडीला आला तो याच प्रश्नाचं उत्तर पाठ करून. उत्तर होतं मनगटी घड्याळ. लग्नात ते राहून गेलं, असं त्याचं ठाम मत होतं. भद्रावतीला तो कारकून होता, आणि परत येईन तो घड्याळ घालूनच, असं साऱ्या ऑफिसला सांगून निघाला होता. आता मोकळ्या मनगटानं परत जाणं म्हणजे वर्षभर लोकांच्या चहाला विषय पुरवणं.

पण घरात पाऊल टाकलं तर पाय धुवायला पाणी द्यायलाही कोणी उठेना. सासूबाई, मनकर्णाबाई, चुलीपाशी एक पांढरा ससा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ससा मूळचा वच्छलाचा. लग्न होऊन ती गेली, ससा मागे राहिला, आणि एकुलत्या एका लेकीची सगळी माया त्याच्या वाट्याला आली. कालपासून त्यानं पाल्याला तोंड लावलं नव्हतं. ढोरांच्या डॉक्टरांनी सुई काढलेली काचेची पिचकारी दिली होती आणि बजावलं होतं की सशाचं पोट रिकामं राहिलं तर तो जगत नाही. हिरवं गवत वाटून, गाळून, तोंडाच्या बाजूनं थोडं थोडं पाजा. वच्छलानं पिशवी टाकली आणि ती थेट पाट्यावर गवत वाटायला बसली. शेजारचा इतवारी दारातून डोकावला. आशा नसली तर वेळेवर सांगा, मसाला माझ्या घरचा, म्हणाला. मनकर्णाबाईंनी त्याला उलथनं दाखवलं.

जावयाला जेवायला वाढलं, नाही असं नाही. अनारसे होते, वडे होते, वरणभात होता. नव्हता तो आग्रह. वाढणारीचे डोळे सगळा वेळ सशाकडे. श्रीहरीनं पहिल्याच घासाला हात आखडला, भूक नाही म्हणाला आणि उठला. सासूबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि त्यांनी ताट झाकून ठेवलं. सासरे वामनराव तर जेवून शेतावर धानाच्या रोवणीला गेलेसुद्धा. रुसलेल्या जावयाला कोणी बरं म्हणतं? श्रीहरी छपरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला आणि काकुळतीची वाट पाहू लागला.

दुपार कलली. पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात आतून सासूबाईंचा रडवेला आवाज आला.

“खाऊन घ्या ना बापू. असं रुसून कसं होईन? तुमी उपाशी, तं माह्या गळ्याखाली घास कसा उतरन?”

आली एकदाची पायरी. श्रीहरीनं चेहरा आणखी थोडा पाडला, ‘नको’ हा शब्द ओठांवर आणून ठेवला आणि अर्धी कूस वळवली.

“नाई तं नाई,” आतून आवाज आला, “कान तं हलवा.”

थोड्या वेळानं त्यालाही बोलावणं आलं, पण ससा धरायला. वच्छलाचे हात गवतानं भरले होते आणि वामनराव अजून धानाच्या बांधीतच, शेतावर होते. रुसलेल्यानं असं उठायचं नसतं. पण तो उठला. टॉवेलात गुंडाळलेला ससा त्याच्या हाती आला. सशानं तोंड फिरवलं. पहिली पिचकारी सगळी श्रीहरीच्या टेरिकॉटच्या शर्टावर. दुसरीही तशीच. एवढी माणसं पाया पडताहेत आणि याची मिजास पाहा, असं म्हणून श्रीहरी मनापासून चिडला. मग टॉवेलाखाली त्या जिवाची धडधड त्याच्या तळव्याला लागली. ससा अगदीच हलका झाला होता. हा रुसलेला नाही, हा चाललाय, हे कळलं तसा श्रीहरी घाबरला. त्यानं हात सैल सोडला, सशाचं डोकं जरा वर धरलं. मनकर्णाबाईंनी थेंब थेंब सोडला. बऱ्याच वेळानं सशाचा जबडा हलला, घोट गेला. मग तो स्वतःच पिचकारीचं टोक चाटू लागला.

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच शांततेत श्रीहरीचं पोट मोठ्यानं वाजलं.

त्यांनी वर पाहिलं. बोलण्यात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. “याले बोलता येत नाई, जावईबापू, म्हणून हे सारं करा लागते. तुमाले तं बोलता येते. भूक लागली तं सांगाव ना.”

“लागली,” श्रीहरी म्हणाला.

झाकलेलं ताट पुढं आलं. तो मान खाली घालून जेवत असताना वामनराव गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून आले. ससा प्यायला, आणि जावयानं धरला म्हणून प्यायला, हे ऐकून म्हातारा विरघळला. तसाच समोर बसला आणि अगदी मनापासून म्हणाला, “सांगा जावईबापू, काय पाहिजे तुमाले?”

वच्छला पिचकारी धूत होती. तिचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

श्रीहरीनं घास गिळला.

“वरण,” तो म्हणाला. “थोडंसं.”