बसल्यावरचं माप

पद्मिनीबाई तीन महिन्यांसाठी म्हणून फेब्रुवारीत परदेशी, एनिसला मुलाकडे आल्या आणि मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली. इचलकरंजीत त्यांनी चाळीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले होते. हात रिकामे राहिले की त्यांना करमत नसे. सून विद्या हॉस्पिटलात डॉक्टर. संसर्गाच्या भीतीने ती घरातही वरच्या खोलीत वेगळी राही आणि सासूशी जिन्यावरून बोले. मुलगा प्रताप शॅननला मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर. तो कामावर गेला की दिवसभर घरात त्या एकट्या.

जूनमध्ये काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, कुठेही फिरायची परवानगी मिळाली, तेव्हा प्रतापने विचारलं, "आई, समुद्र बघायला येणार?"

"कशातनं?"

पद्मिनीबाईंना गाडी लागायची. विमानतळावरून येतानाच दोनदा थांबावं लागलं होतं, आणि समुद्रकाठच्या लाहिंचचा रस्ता तर सगळा वळणांचा. शिवाय कार विद्याला लागे. राहिली प्रतापची मोटरसायकल.

दोघांनी आधी घराजवळ वसाहतीतच एक फेरी मारायचं ठरवलं. गावाकडे त्या नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसत. इथे दोन्हीकडे पाय टाकायचे, डोक्यावर हेल्मेट, अंगात विद्याचं जाड जॅकेट. प्रताप निघाला आणि त्या मागे सरकल्या. घाबरून त्यांनी त्याची कॉलर अशी धरली की त्याचा गळा आवळला. वीस पावलांवर तो थांबला. त्या खाली उतरल्या, "तू आण गाडी," म्हणाल्या आणि चालत घरी गेल्या.

मागे टेकायला काहीतरी हवं, एवढं प्रतापला कळलं. चार दिवस तो जेवणाच्या सुट्टीत ऑनलाइन बॅकरेस्ट शोधत राहिला. पाचव्या दिवशी त्याने आईला फोनवर फोटो दाखवला.

"हा बघ. खुर्चीसारखा आहे. पार खांद्यापर्यंत येतो."

"माप कुणाचं घेतलंस?"

"बाइकचं. मॉडेल टाकलं की तेच सांगतात."

"बसणार मी, आणि माप गाडीचं?"

त्यांनी टेप आणली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. "उभ्यानं न्हाई घ्यायचं. बसल्यावर अंग बदलतं. उठताना मी कमरेवर हात ठेवते बघ, तिथपर्यंत मोज."

नऊ इंच भरलं.

"पण उंच असेल तर जास्त सेफ ना?"

"ब्लाउज मोठा शिवला म्हणून चांगला बसतो व्हय रे?"

शनिवारी विद्याला सुट्टी होती, म्हणून कार घेऊन दोघं गावाबाहेरच्या मोटरसायकलींच्या एका दुकानात गेले. पद्मिनीबाईंनी कारची खिडकी पूर्ण उघडी ठेवून कशीबशी दहा मिनिटं काढली. बाइक प्रतापने सकाळीच तिथे नेऊन ठेवली होती आणि तो चालत परतला होता. दुकानदार नोएल साठीचा, कमी बोलणारा माणूस. दोन मीटरचं अंतर पाळायचं म्हणून तो वस्तू स्टुलावर ठेवी आणि मागे सरके. मग प्रताप उचलून लावून बघे.

आधी उंच बॅकरेस्ट लावला. तो एकदा बसवला की न निघणारा होता. आता सीटवरून पाय पलीकडे टाकायला त्याच्याही वरून न्यावा लागणार. पद्मिनीबाईंनी दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा गुडघ्यात कळ आली आणि त्या प्रतापच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. चेहरा उतरला होता.

"राहू दे रे. समुद्र काय कधी बघितला न्हाई होय मी."

प्रतापने नोएलला हे सांगितलं नाही, पण नोएलला दिसलंच. तो आत गेला आणि दुसरा एक बॅकरेस्ट घेऊन आला. ठेंगणा, खाली दोन दांडे, बाजूला खटका.

"आधी त्यांना बसव," तो लांबूनच म्हणाला. "मग मागून हा लाव. उतरताना आधी काढ."

मोकळ्या सीटवर पद्मिनीबाई पाय घासत सावकाश बसल्या. प्रतापने दांडे खाचेत सारले. खट् असा आवाज झाला. त्या मागे टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

"टोचतंय का?"

"दोन बोटं खाली घे."

त्याने स्क्रू ढिला करून गादी खाली केली.

"आता बरोबर."

काय म्हणाल्या, असं नोएलने विचारलं. प्रतापने सांगितलं. "ग्रँड," म्हणजे झकास, नोएल म्हणाला. "पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी त्यांनाच विचारतो."

प्रतापने मात्र खटका पंधरा-वीस वेळा लावून, ओढून, हलवून पाहिला. कारखान्यात तो हेच करत असे. शेवटी आईच म्हणाली, "झालं असेल तर चल. पोटात कावळे ओरडायलेत."

रविवारी विद्या जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत आली. "आई, नीट धरा हं," ती म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोघींनी एकमेकींना इतकं जवळून पाहिलं. पद्मिनीबाईंनी नुसता हात वर केला.

पहिले काही मैल त्यांनी प्रतापचं जॅकेट घट्ट धरलं होतं. इनाह गाव मागे पडल्यावर पकड सैल झाली. त्याने घाबरून आरशात पाहिलं. त्या मागे टेकून, दोन्ही हात त्याच्या कमरेशी हलके ठेवून बसल्या होत्या. मग एका चढावर त्याच्या हेल्मेटवर टकटक झाली.

"डोकं जरा बाजूला घे. रस्ता दिसंना मला."

लाहिंचला भरती होती. लाटा कठड्यापर्यंत येत होत्या. पद्मिनीबाई हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

"तुझ्या वडलांच्या मागं एकतीस वर्षं बसले," मग त्या म्हणाल्या. "डाव्या अंगाची शेतं तेवढी दिसायची. पुढं काय हाय ते पोचल्यावर कळायचं."

प्रतापने चहाचा थर्मास उघडायला घेतला.

"तो वर जातो तो रस्ता कुठं जातो?"

"मोहरच्या कड्यांकडे. वीसेक मिनिटं."

पद्मिनीबाईंनी त्याच्या हातातला थर्मास घेऊन झाकण परत घट्ट लावलं.

"मग च्या तिथंच पिऊ," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट घालू लागल्या.