स्थानिक पालक

"आन ही शेंगदाण्याची चटणी हाय, तेल गळंल, उभाच धरा भावजी," म्हणत तानूबाईंनी डबा कुंडलिकच्या पिशवीत कोंबला. "वैष्णवीला म्हणावं, दोन म्हैनं झालं तोंड दावलं न्हाईस."

कुंडलिकनं चहाची कपबशी खाली ठेवली. वैष्णवी परवा शुक्रवारीच गावी आली होती. निदान कागदोपत्री. वसतिगृहाच्या चिठ्ठीवर 'दोन दिवस गावी जात आहे' असं तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं आणि खाली स्थानिक पालक म्हणून कुंडलिकची सही होती.

कुंडलिक पुण्यातल्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धूत होता. मुलीला पुण्यात वसतिगृहात ठेवायचं तर शहरात राहणारा एक जबाबदार माणूस दाखवावा लागतो. विद्येच्या माहेरघरात शिरायला काका नाहीतर मामा लागतो, आणि कोऱ्हाळे बुद्रुकच्या माहितीत तसा हा एकच होता. त्यामुळे १९९५ च्या त्या मार्चमध्ये कुंडलिक नऊ मुलींचा पालक होता. मुली चिठ्ठ्या घेऊन प्रयोगशाळेत यायच्या, याचे हात ओले असायचे, न वाचता सही व्हायची. शुक्रवारी तर वर म्हणाला होता, "तानूवैनीला नमस्कार सांग." पोरगी "हो" म्हणाली होती. आणि पुतण्याच्या मुलाच्या बारशाला हा अचानक गावी आला होता.

वैष्णवीच्या वडिलांनी, जोतीरामतात्यांनी, चपला घातल्या. "चल, स्टँडपातुर येतो. बूथवरनं होस्टेलला फोन लावतो, म्हंजी पोरगी गेटावर हुबी ऱ्हाईल."

"कशाला तात्या? आयतवारी मेट्रन फोनवर बोलावत न्हाय."

"बापाला सुदिक?"

"तसा नेम हाय."

"कुंडलिका, तुझा बा दोनशे मेंढरं वळायचा. कोकणातनं माघारी आला तरी एक कमी न्हाय. तुला नऊ पोरी जड झाल्या व्हय?" तात्या हसले. कुंडलिकही हसला, तात्या हसले होते म्हणून.

सांगावं? सांगितलं तर तात्या याच गाडीनं येतील, पोरीची ट्रंक उचलतील आणि बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष तिथंच संपेल. न सांगावं, आणि पोरीचं काही बरंवाईट झालेलं असलं तर? चिठ्ठीवर सही कोणाची आहे, हे पोलिसांनाही वाचता येतं.

"एंगेज येतंय," बूथवाला म्हणाला.

"पुन्ना लाव."

गाडी आली. कुंडलिक जवळजवळ पळतच चढला. खिडकीतून पाहिलं तर तात्यांच्या कानाला रिसीव्हर होता आणि दुसरा हात वर. तो हात निरोपाचा होता की थांब म्हणण्याचा, हे कळायच्या आत गाडीनं वळण घेतलं.

नीरा गेली, जेजुरी गेली. सासवडला त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली. दिवेघाटात नवस बोलावा असं वाटलं, पण नेमकं काय मागायचं ते ठरेना.

वसतिगृहात पोचला तेव्हा पाच वाजले होते. "गावाकडनं फोन आल्ता का?" त्यानं बिचकत विचारलं.

"फोन सकाळपासून मेलाय," मेट्रनबाई म्हणाल्या.

एखाद्या यंत्राबद्दल कुंडलिकला आयुष्यात प्रथमच माया वाटली. तो गेटबाहेर उभा राहिला. गेट सातला बंद व्हायचं.

सातला दहा कमी असताना वैष्णवी रिक्षातून उतरली. एकटीच.

"काका, तुम्ही?"

"कोऱ्हाळ्यातनं येतोय. तुझ्या आयनं डबा दिलाय."

ती भिंतीला टेकली. "सांगितलंत?"

"कुठं हुतीस?"

"मुंबईला. एम.एस्सी.च्या प्रवेशाची परीक्षा होती. तात्या म्हणत्यात, औंदा लगीन." घाबरल्यावर तिची पुण्याची भाषा गळून पडली होती. "काका, तिकीट दावू?"

"नगं."

तिकीट मुंबईचं निघालं असतं किंवा नसतं. पाहिलं असतं तर कुंडलिकला ते कळलं असतं, आणि आता त्याला काही कळून घ्यायचं नव्हतं.

मेट्रनबाईंनी रजिस्टर पुढं केलं. "गावाहूनच आली ना? पालक म्हणून विचारतेय हं."

'गावी होती व पालकांसोबत परत आली.' सव्वीस वर्षांत प्रथमच कुंडलिकनं सही करण्याआधी वाचलं. दोनदा वाचलं.

"व्हय. माझ्यासंगंच आली," तो म्हणाला, आणि सही केली.

पावसाळ्यात वैष्णवी मुंबईला शिकायला गेली. तात्या म्हणे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. एक पुडा पुण्याला कुंडलिककडेही आला, 'तू हुतास म्हणून पोर नीट ऱ्हायली' या निरोपासकट.

कोऱ्हाळ्याच्या स्टँडवरून कुंडलिकच्या घरी जायचं तर तात्यांच्या दारावरून जावं लागतं. हल्ली तो एक थांबा आधीच उतरतो आणि कॅनॉलच्या भरावावरून, उसाच्या कडेनं, दीड कोस चालत येतो. कुणी विचारलं तर म्हणतो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.