दादाची अट आणि माझा उजवा पाय

बावीस वर्षं मी लोकांना गाडी शिकवते आहे, आणि या बावीस वर्षांत कामाच्या वेळी स्टीअरिंग माझ्या हातात जेमतेम आलं असेल. शिकवणाऱ्याची जागा बाजूच्या सीटवर. तिथे माझ्या उजव्या पायाखाली एक जादा ब्रेक बसवलेला आहे, तेवढंच काय ते माझं राज्य. समोरून ट्रक येतात, कुत्री आडवी जातात, शिकणारे भलतीकडेच बघत असतात, आणि मी पाय ब्रेकवर अधांतरी धरून गोड आवाजात म्हणते, "छान, आता जरा हळू." संध्याकाळपर्यंत पोटरीचा दगड झालेला असतो.

मग त्याच गाडीने, छपरावरची 'शिकाऊ' पाटी मिरवत घरी जायचं. मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. पुढे जाणारा प्रत्येक जण वळून बघतो, आता ही बाई कुठे धडकते म्हणून. मी! माझ्या हाताखालून निघालेले लोक मला बघून हसत पुढे जातात. अंगाचा तिळपापड होतो नुसता.

तर एका रविवारी मी बाल्कनीत गेले, आणि लेकीच्या सायकलवर वाळत घातलेले टॉवेल काढले. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हापासून त्या सायकलचा आम्ही दांडीसारखा वापर करत होतो. सायकलवाल्याने दोन नव्या ट्यूब घातल्या, चेनला तेल पाजलं आणि म्हणाला, "घ्या, पळवा." मी दुपारभर सोसायटीभोवती फेऱ्या मारल्या. खिडकीत उभे राहून आमचे हे म्हणाले, "अगं, एक्कावन्न पूर्ण झाली तुला."

"सायकलला सांगू नका म्हणजे झालं," मी म्हटलं.

त्यांचं काही नव्हतं. खरा प्रश्न दादाचा होता. दादा माझा सख्खा मोठा भाऊ, सात वर्षांनी मोठा, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक आणि त्याच्या मते माझाही. कामाला सायकलने येणार म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला.

"चिमे, गाडी शिकवणारी बाई सायकलवर? स्वयंपाक्याने डबा बाहेरून मागवल्यासारखं आहे हे!"

"लोक काय म्हणतील ते मी बघते."

"लोकांचं सोड. तुला उशीर होईल. दमून येशील. कामात लक्ष राहणार नाही." मग त्याने बोटावर मोजून अट सांगितली. एक आठवडा. सोमवार ते शनिवार, रोज सकाळी साडेसातच्या ठोक्याला हजर. एक दिवस उशीर झाला, किंवा शिकवण्यात एक चूक झाली, की सायकल बंद, आणि तो विषयही बंद. मी लगेच हो म्हटलं. दादाच्या अटी मान्य करायची मला जन्मापासून सवय आहे.

सोमवारी पावणेसातला निघाले. काय सांगू! पहिल्या वळणावर सायकल कलली, माझ्याबरोबर कलली, मी म्हणेन तिकडे वळली. मागे कुणी नाही, बाजूला कुणी नाही, 'आता क्लच, आता गिअर' नाही. उतारावर वारा कानात घुसला आणि मी मोठ्याने हसले. एकटीच! रस्ता झाडणारी बाई झाडू थांबवून बघायला लागली, तर मी तिला हात केला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे मी अगदी कबूल करते.

आणि तेवढ्यात उभ्या असलेल्या एका गाडीचं दार उघडलं.

मी काय करावं? बावीस वर्षांची सवय. उजवा पाय दाणकन खाली दाबला. सायकलला तिथे ब्रेक नसतो, पॅडल असतं. सायकल जी उधळली! दार, दारातून डोकावणारं टक्कल आणि माझं हँडल यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. टकल्या गृहस्थाचे डोळे पांढरे झाले. मी पुढे जाऊन थांबले आणि स्वतःला बजावलं, "बये, ब्रेक हातात आहे. हातात!"

ऑफिसात पोचले तेव्हा सात वीस झाले होते. दादाने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग मनगटावरचं पाहिलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज मी हाताला शिकवत होते. काही दिसलं की पाय मोकळा, बोटं आवळायची. कचऱ्याची गाडी, बोटं. मांजर, बोटं. बुधवारी पुलाखाली ट्रॅफिक तुंबला होता, त्यातून मी लोण्यातून सुरी जावी तशी निघाले. गाड्यांमध्ये बसलेले लोक स्टीअरिंगवर हनुवटी ठेवून माझ्याकडे बघत होते. गुरुवारी तर मी सात वाजून सोळा मिनिटांनी हजर! दादा स्वतः तोवर आला नव्हता. मी त्याच्या खुर्चीत बसून त्याची वाट बघितली. पोटरी दुखायची थांबली होती, भूक सपाटून लागत होती, आणि आमचे हे म्हणत होते की मी झोपेतसुद्धा हसते.

शुक्रवारी सकाळी सिस्टरांचा शेवटचा तास होता. सिस्टर म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या नर्स, चाळिशीच्या, इंजेक्शन देताना बाळाला कळू देत नाहीत असा त्यांचा लौकिक. पण गाडीत बसल्या की त्यांची दातखीळ बसायची. परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा कागदावर एकच शेरा, 'ब्रेक उशिरा'. त्यांना घरोघरी जाऊन रुग्ण बघण्याची जागा मिळाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. शनिवारी परवाना मिळाला नाही, तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"मॅडम, उद्या पण गेलं तर?" त्यांनी विचारलं.

"उद्याचं उद्या. आरशात बघा, आणि निघा."

बाजाराजवळच्या चौकात आम्ही पोचलो. डावीकडून एक बस अचानक आमच्या पुढ्यात शिरली. मी ती बघितली, सिस्टरांच्या आधी बघितली, आणि पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

बोटांनी!

माझ्या मांडीवरच्या पर्सचा पट्टा मी दोन्ही मुठींत करकचून आवळला होता. पाय जागेवरून हलला नव्हता. तरी गाडी थांबली. बसपासून चांगली हातभर अलीकडे थांबली. सिस्टरांचा पाय ब्रेकवर होता. त्या स्वतःच्या पायाकडे अशा बघत होत्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"मी थांबवली?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच," मी म्हटलं.

तास संपेपर्यंत मी उजव्या पायावर पहारा ठेवला. पण मनातून ते जाईना. सिस्टरांनी थांबवली नसती तर? त्या दिवशी संध्याकाळी कुणाला काही न सांगता घरी जाता आलं असतं. एकच दिवस उरला होता. पण ब्रेकच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, स्वतःशीसुद्धा नाही. दादासमोर उभी राहिले आणि झालं ते सांगून टाकलं.

दादा आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. तो शांतच राहिला, हे जास्त वाईट.

"म्हणजे मी म्हटलं तेच झालं," तो म्हणाला. "सायकल इथेच ठेव. गाडी घेऊन जा."

चूक माझी होती. सायकल कपाटामागे भिंतीला टेकवली आणि पाटीवाली गाडी घेऊन घरी गेले. पुलाखाली पाऊण तास अडकले. आमच्या ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, "झालं माझं." आणि इतकं रडू आलं की मलाच आश्चर्य वाटलं. एका लोखंडी सांगाड्यासाठी कुणी असं रडतं का!

शनिवारी अकराला सिस्टरांची परीक्षा. परीक्षेत बाजूला परीक्षक बसतो आणि पाय पोटाशी घेऊन बसतो, आमच्या जादा ब्रेकला तो शिवत नाही. दादा आणि मी फाटकाशी उभे होतो. गाडी वळणाआड गेली. दादाचा तीन वेळा रुमालाने चष्मा पुसून झाला. वीस मिनिटांनी गाडी आली, पांढऱ्या रेषेशी अलगद थांबली, आणि परीक्षक उतरून चक्क हसला. सिस्टर दार उघडं टाकून धावत आल्या आणि माझ्या गळ्यातच पडल्या.

"पास! मॅडम, पास!"

आम्ही दोघी तिथेच उड्या मारत होतो. मग सिस्टर दादाकडे वळल्या. "सर, काल चौकात मॅडमनी ब्रेक दाबला नाही म्हणून. एरवी माझ्या आधी त्यांचाच पाय पडायचा. गाडी आपोआप थांबते असंच मला वाटायचं हो! परीक्षेत ती थांबायची नाही, आणि मी वाट बघत बसायचे. मला कळायचंच नाही, आपणच थांबवायची असते ते."

त्या बिचाऱ्या कौतुकानेच बोलत होत्या. पण माझ्या पायाखालची जमीन सरकली. बावीस वर्षं! कितीजणांचा ब्रेक मी दाबत आले होते? कितीजण माझ्या या काळजीपायी नापास झाले होते? आणि त्याच क्षणी मला दुसरं काहीतरी आठवलं, आणि मी दादाकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता.

सिस्टर गेल्यावर मी म्हटलं, "दादा, गाडीत बस. तू चालव."

"कशाला?"

"बस म्हटलं ना. मी चुकले, मान्य आहे. पण पायाची सवय गेली की आहे, ते एकदा बघून तरी घे."

ऑफिसमागच्या सरावाच्या मैदानात, टोकाला प्लास्टिकची रिकामी पिंपं ओळीने मांडलेली असतात. मी बाजूला बसले. "पिंपांवर घाल. ब्रेक लावायचा नाही."

दादा हट्टाला पेटला की मागे हटत नाही. त्याने गिअर टाकला आणि गाडी सरळ सोडली. पन्नास पावलं. तीस. एरवी तिसापाशीच मी पाय दाबला असता. पाय ब्रेकवर टेकला होता, मला त्याचा अंगठासुद्धा जाणवत होता. हात मांडीवर उघडे.

"ब्रेक, दादा," मी शांतपणे म्हटलं.

तो ऐकेना. वीस. पिंपांवरचे ओरखडे दिसायला लागले. पण पाय माझा होता, बोटं माझी होती, आणि कुठलं काम कुणाचं हे दोघांनाही ठाऊक होतं. दहा.

मी पाय दाबला.

गाडी थांबली. पुढचा बंपर आणि पिंप यांच्यात एखादं पुस्तक उभं मावलं असतं. इंजिन बंद पडलं होतं. मी बघितलं तर दादाने डोळे घट्ट मिटले होते.

"थांबली का गं?" त्याने विचारलं.

"थांबली."

त्याने डोळे उघडले, पिंप बघितलं आणि लांब श्वास सोडला. "हा वेळेवर दाबलास," तो म्हणाला. "आधी नाही, नंतर नाही."

"दादा, मी एकोणीस वर्षांची होते. तू मला शिकवत होतास."

"हो."

"मी दोनदा नापास झाले. शेरा आठवतो तुला?"

त्याने स्टीअरिंगवरून हात फिरवला. "ब्रेक उशिरा," तो म्हणाला. "मी तुलाच रागावलो होतो. वेंधळी म्हटलं होतं."

"पाय तुझा होता."

"मला भीती वाटायची गं, तुला काही होईल म्हणून," दादा म्हणाला. "अजून वाटते. बुधवारी तुला पुलाखालून सायकलवर जाताना बघितलं. मी गाडीत होतो, तुझ्या मागे. इथे, या गाडीत बसून, पाय दाबत होतो."

मला हसू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माझा भाऊ ट्रॅफिकमध्ये उभा राहून माझ्या सायकलचे ब्रेक दाबत होता! मी त्याच्या हातावर हात ठेवला. मग सीटबेल्ट सोडला.

"सोमवारी साडेसातला ये," तो नेहमीच्या मालकाच्या आवाजात म्हणाला.

"कशाने येऊ?"

दादाने माझ्याकडे बघितलं. बोटावर मोजायला हात वर घेतला, तसाच खाली घेतला.

"ते मला कशाला विचारतेस?" तो म्हणाला.