अर्ध्या बायकांची गोळी

शेवटची गोळी, पांढरी, गुळगुळीत, वर एक अक्षर नाही. तळहातावर ठेवली की इतकी साधी दिसते, की हिच्यामुळे आपण गेले कितीतरी महिने सरळ उभं राहून माशांचं हुमण ढवळतोय हे देवकीला आजही खरं वाटेना. हिच्यामुळे... की हिच्यात काही नसतानाच?

पणजी शहरातल्या इस्पितळात संशोधनात नाव घातलं तेव्हा डॉक्टर सेजलनं स्वच्छ सांगितलं होतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर नको तिथं बाहेर वाढतं, म्हणून एवढं दुखतं. नवं औषध तपासायचंय, तर अर्ध्या बायकांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती पोकळ, औषध नसलेली, आणि कुणाला कोणती ते मलाही ठाऊक नाही. डॉक्टरलाच ठाऊक नाही! केवढं हसले होते मी तेव्हा. आता अभ्यास संपला, कुणाला काय दिलं ते उद्या उघडणार, आणि काल फोनवर सेजल विचारत होती, "तुम्हांला कळायला हवंय का, देवकीताई?"

हवंय? दुखणं कमी झालं हे देवाशप्पथ खरं. पण गोळी पोकळ निघाली तर... तर नणंद इतकी वर्षं म्हणत आली तेच — वहिनीचं सगळं मनाचं गो! मग शाळेत बाकावर डोकं टेकून काढलेले ते दिवस, ऑफिसात सांगितलेले सर्दी-तापाचे बहाणे, सगळं माझंच नाटक ठरायचं, आणि तेही माझ्याच साक्षीनं. छे, नकोच ते कळायला.

"देवकी, आटप गो! गुरव गेलो जाल्यार?" सासूबाई अंगणातून ओरडल्या. तिनं गोळी गिळली आणि देवळात जायला चपला घातल्या.

सासूबाईंचं, म्हणजे अनुसयाबाईंचं, सगळं देवीच्या कौलावर चालायचं. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. फणस तोडायचा तरी कौल. संशोधनाच्या वेळी मात्र विचारला नव्हता. "दोतोरणीचें तोंड बरें आसा," एवढ्यावर त्यांनी सुनेला धाडलं होतं. आणि आजच कशाला हा कौल? गोळी खरी की पोकळ, दुसरं काय विचारणार! घ्या, पणजीच्या आधी इथं मये गावच्या देवळातच निकाल, तोही गुरवासमोर.

गुरवानं पाकळ्या चिकटवल्या. "कितें विचारूं? गुळी खरी काय फट?"

"गुळयेचें कित्याक विचारतलो?" सासूबाई चक्क डाफरल्या. "गुळी खंयचीय आसूं. हिका दुखतालें तें हांवें पळयलां मरे! न्हाणयेच्या दाराभायर उबी रावताली हांव. तूं विचार, परत दुखूंक लागलें जाल्यार हांव हिका पणजेच व्हरूं? उजवी पडल्यार पणजी. डावी पडल्यार मुंबय."

गोळी कुठलीही असो, यांनी पाहिलंय. न्हाणीच्या दाराबाहेर... मी तर नळ मोठा सोडायचे, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेर आले की सासूबाई चुलीपाशी, पाठमोऱ्या, "च्या घे" एवढंच म्हणायच्या, आणि मला वाटायचं, बरं झालं, यांना काही कळलं नाही. देवकीला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मग दार का नाही हो वाजवलंत, आई? इतक्या वर्षांत एकदाही?

विचारायचं होतं, पण सासूबाईंचे डोळे पाकळ्यांवर खिळलेले. पाकळ्या हलायला तयार नव्हत्या. उद्या सेजलला काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, हो म्हणेन, नाहीतर नको म्हणेन. कसंही झालं तरी आता आपलं दुखणं कुणाच्या उत्तरावर टांगलेलं नाही, हे मात्र तिच्या अंगात हळूहळू उतरत होतं. शेजारी सासूबाई ओठांतल्या ओठांत देवीला पढवत होत्या, "पणजी गो बाये, पणजी..."

देवकीही मनात म्हणू लागली, पणजीच दे गो. मुंबईला जाताना आईंना गाडी लागते.